फाटकाबाहेरून आलेली हाक

आज कचेरीसमोरच्या माझ्या टेबलाशी एक गृहस्थ शेजाऱ्याच्या कुत्र्याविरुद्ध अर्ज लिहून घेण्यास बसले. त्यांच्या सदऱ्याला येणाऱ्या आखाती अत्तराच्या उग्र वासाने, एरवी कलेक्टरसाहेबांपुढेही न अडखळणारी माझी लेखणी थांबली.

ऐंशीच्या दशकात माझे थोरले बंधू मस्कतहून चार वर्षांनी परतले, तेव्हा हाच वास आमच्या अंगणात शिरला होता. दादांच्या गैरहजेरीत घराच्या राखणीसाठी आम्ही टायगर पाळला होता. त्याच्या धाकाने सारी वाडी फाटकाबाहेरूनच ओरडे, "कुत्रा बांधा हो!" दादांनी हाक दिली नाही. स्वतःच्या घरी हाक कोण देतो?

टायगरने झेप घेऊन त्यांचा दंड धरला. पांढऱ्याशुभ्र शर्टावर रक्त पसरले. मी पट्टा ओढत होतो, वहिनी किंचाळत होत्या. तो कोणालाही जुमानेना. इतक्यात दादांची पाच वर्षांची नंदा धावत आली आणि त्याच्या गळ्यात हात घालून म्हणाली, "सोड रे टायगर, पाहुणे आहेत ते!"

त्याने तत्काळ सोडले. रक्त ठिबकत असताना दादा मुलीकडेच पाहत राहिले.

त्या वेळी मी हादरलो तो कुत्र्याच्या दातांनी. आज वाटते, त्या मुक्या जनावराने आपले काम चोख बजावले होते.

दुसऱ्या दिवशी दादा बाजारातून परतले. आपल्याच फाटकाबाहेर मासळीची पिशवी घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "कुत्रा बांधा हो!"

नंदा ओटीवरून ओरडली, "बांधलाय! या!"