जावईबापू, तिकीट घ्या

तीन वर्षांतून एकदा आमच्या ह्यांचा भाव वाढतो. अधिक महिना लागला की तेल्हाऱ्याहून आईचा फोन येतो आणि ती माझी तब्येत न विचारता जावयाची विचारते. अधिकात जावई म्हणजे नारायण. त्याला जेवू घालायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, दिवा लावून पाया पडायचं. एरवी हेच नारायण भाजी आणायला जातात आणि कोथिंबीर विसरून येतात.

यंदा अधिक भर उन्हाळ्यात आला. मुलगी म्हणाली, गाडी करून जा. गाडीवाल्यानं भाव सांगितला. मी त्याला माठातलं पाणी दिलं आणि पाठवून दिलं. एस.टी.त बायांना अर्धं तिकीट आहे, ह्यांना पूर्ण, म्हणजे दोन माणसं दीड तिकिटात जातात. ज्यांना अमरावतीहून तेल्हाऱ्याकडे जायचं असेल त्यांनी उन्हाळ्यात सकाळची पहिली गाडी धरावी. बाटलीला ओलं फडकं गुंडाळून घ्यावं, पाणी विकत घ्यावं लागत नाही.

अमरावतीच्या स्टँडवर ह्यांनी दह्यातला गिला वडा खाल्ला. मी अधिकात एकदाच जेवते, त्यामुळे माझा खर्च नाही. बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्यापर्यंतचा रस्ता आता फार चांगला आहे, डोळा लागतो. डोळा लागला तर पर्स मांडीखाली ठेवावी.

अकोल्यात पुढच्या गाडीला वेळ होता म्हणून ऑटोनं मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात गेलो. ऑटोवाल्यानं जेवढे पैसे सांगितले त्याच्या निम्मे मी म्हटले, मधल्या आकड्यावर तो आला. राजराजेश्वराचं दर्शन झालं. सकाळी गर्दी नसते, पिंडीजवळ उभं राहू देतात. शेजारच्या बाजारात बत्तासे घेतले. वाणाला जाळीदारच वस्तू लागते, अनारसे कमी पडले तर बत्तासे चालतात. आईचे अनारसे कमी पडत नाहीत, पण तेलात विरघळतात, हे मला माहीत आहे.

तेल्हाऱ्याची गाडी अकोटवरून जाते. सकाळी जाताना आणि दुपारी येताना दोन्ही वेळा ऊन उजव्या हाताला येतं, म्हणून डावीकडे बसायचं. आम्ही डावीकडच्या तीन जणांच्या बाकावर बसलो. मी खिडकीशी, हे मध्ये. तिसऱ्या जागेवर एक माणूस येऊन बसला. पस्तिशीचा असेल. पांढरा शर्ट इतका नवा की डब्यातल्या घड्या तशाच होत्या. पायात नवी चप्पल, खांद्यावर दुपट्टा. एवढं सगळं नवं आणि वास मात्र जुना. सकाळचे दहा वाजले होते.

हे माझ्याकडे सरकले. मी खिडकीकडे सरकले. त्यापुढे खिडकीच होती.

कंडक्टर बाई होत्या. चाळिशीच्या, कपाळावर मोठं कुंकू, आवाज खणखणीत. त्यांनी तिकिटाचं विचारलं तर हा म्हणाला, तेल्हारा, हाफ.

"हाफ बायांले हाय, भाऊ."

"म्या बायकोलेच आनाले चाललो ना, बाई. काम बायकोचं हाय तं तिकीट बी बायकोचंच."

मागे कोणी तरी हसलं. हा उठून उभा राहिला आणि हसणाऱ्याला शोधू लागला. सापडला नाही म्हणून सगळ्यांनाच बोलला. काय बोलला ते मी अधिकात लिहीत नाही. मग त्यानं वरची घंटीची दोरी ओढली. गाडी थांबली. कोणी उतरलं नाही. गाडी निघाली, त्यानं पुन्हा ओढली. पुन्हा थांबली. पुढच्या बाकावरची कॉलेजची मुलगी पुस्तक बंद करून आईला चिकटून बसली. तिसऱ्यांदा दोरी ओढली तेव्हा ड्रायव्हर उतरून दारातून आत आला. म्हणाला, आता गाडी सरळ ठाण्यात लावतो, पंचनामा होईल तवर बसा समदे.

अशा वेळी गाडीत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो ठाण्यात न्या, दुसरा म्हणतो इथंच उतरवून द्या. दोन्ही बाजूंना नुसती काळी जमीन नांगरून पडलेली, एक झाड नाही. मागच्या बाकावर रिकाम्या टोपल्या घेऊन बसलेली भाजीवाली मावशी म्हणाली, "उतरवता कुठं? बाहीर पापड वाळून राह्यले. हा तं आंगानं ओला हाय, लवकर तळून निंगन."

तो माणूस मधल्या दांड्याला धरून म्हणत होता, "उतरवा, उतरवा. तेल्हाऱ्याच्या माळीपुऱ्यात जाऊन इचारा म्या कोन हाय. फुलवाल्या अण्णाचा जावई हाओ मी. धोंड्याचं जेवन हाय आज मले."

आता माझं माहेर माळीपुऱ्यातलं. फुलवाल्या अण्णांचं घर आमच्यापासून दोन घरं सोडून. त्यांची वंदना माझ्याहून पुष्कळ लहान, पण मला ताई म्हणते. दिवाळीला आली ती परत गेलीच नव्हती, आणि का गेली नव्हती हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. आईनं फोनवर सांगितलं होतं की अण्णा जावयाला बोलवायला तयार नव्हते. पण वंदनाची आई म्हणाली, अधिकातला जावई टाळायचा नाही, पुढचा अधिक कोणी पाहिला. शेवटी असं ठरलं होतं की तो शुद्धीत आला तर वंदना त्याच्यासोबत जाईल. नाही आला तर अण्णा वकिलाकडे जातील.

आणि तो हा असा येत होता.

मी त्याला झापायला म्हणून तोंड उघडलं. पण आमच्याकडे गावच्या जावयाला अरे-तुरे करत नाहीत. जीभच वळत नाही. वरून अधिक महिना. तोंडातून जे निघालं ते हे: "जावईबापू, बसून घ्या."

तो माझ्याकडे पाहू लागला. मग त्यानं दांडा सोडला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि खाली बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. पाटावर बसल्यासारखा.

गाडी शांत झाली. ड्रायव्हरनं कंडक्टर बाईंकडे पाहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी एवढंच सांगितलं की मी माळीपुऱ्याची मुलगी, हे आमच्या गल्लीचे जावई. बाई हुशार. त्यांना सासर, माहेर, जावई सगळं घरी होतंच. मशीन हातात घेऊन त्या अदबीनं वाकल्या.

"जावईबापू, तिकीट घ्या."

"नोको, नोको," तो म्हणाला. अगदी हळू.

"अस्सं कसं? एक तं घ्याच."

"नाई बाई, पुरे झालं."

"आमचा मान ठेवा. फुल घ्या. जावयाले हाफ देल्लं तं लोक नावं ठेवतीन."

त्यानं खिशात हात घातला आणि पूर्ण पैसे दिले. ज्यांच्या घरी जावई जेवतो त्यांना हे कळेल. पहिला नको मोजायचा नसतो, दुसराही नाही. तिसऱ्या आग्रहाला ताटात पडतं. बाईंनी तिकीट दोन्ही हातांनी दिलं, तसं त्यानं दोन्ही हातांनी घेतलं.

पुढे अकोटपर्यंत गाडीनं त्याला पंक्तीत बसवल्यासारखं केलं. मावशीनं पाण्याची बाटली पुढे केली, तो नको म्हणाला, ती म्हणाली, "घ्या जी, सासूच्या हातचं समजा, जहर नाई त्याच्यात." तो प्यायला. डोळे मिटले की मान ह्यांच्या खांद्यावर पडायची, मग कोणी तरी "जावईबापू" म्हणायचं आणि मान सरळ व्हायची. आमचे हेही तेल्हाऱ्याचेच जावई. एका बाकावर दोन जावई, दोघंही ताठ. ह्यांना मात्र पूर्ण प्रवासात कोणी पाणी विचारलं नाही.

इथे एक गोष्ट साफ लिहिते, कारण वाचणाऱ्या बाया एकट्या प्रवास करतात. हे सगळं तो फक्त तोंडानं आणि दोरीनं त्रास देत होता म्हणून. त्या मुलीला त्यानं हात लावला असता तर मी जावई म्हटलं नसतं, ठाणंच म्हटलं असतं. स्वतः वाद घालू नये, कंडक्टरला सांगावं, गाडी ठाण्यात नेण्याचा हक्क त्यांचा आहे. वेळ जातो म्हणून गप्प बसू नये. आणि दारू प्यालेल्याला रिकाम्या रस्त्यावर उन्हात उतरवू नये. तो मेला तर पाप सगळ्या गाडीचं.

अकोटच्या स्टँडवर गाडी थोडा वेळ थांबते. तो उतरला. मला वाटलं आता हा परत दुकान शोधतो. पण नळाखाली डोकं धरून उभा राहिला. ह्यांनी त्याला लिंबूपाणी पाजलं. एक स्वतःला घेतलं, एक त्याला, एवढ्या वर्षांत मला न विचारता केलेला पहिला खर्च. शर्टाची कॉलर ओली झाली, घड्या गेल्या, माणूस दहा टक्के बरा दिसू लागला. माझ्याजवळ येऊन, खाली पाहत म्हणाला, "ताई, तिले सांगू नोका. आज येनार हाय ती माह्यासंगं. भेवानं घेतली थोडी. सासऱ्यासमोर उभं राहाचं होतं ना."

मी काही बोलले नाही. अधिकात मी खोटं बोलत नाही. गप्प राहणं खोट्यात मोडत नाही, असं मला तोवर वाटत होतं.

तेल्हाऱ्याला उतरल्यावर तो आमच्या मागे मागे गल्लीपर्यंत आला. अण्णा दारात उभे होते. जावयाचे पाय धुतले, कुंकू लावलं, आत नेलं. आम्ही आमच्या घरी गेलो. ह्यांचंही सगळं रीतीनं झालं. पुरण, आमरस, कुरडया, वाण. अनारसे तेलात विरघळले होते, त्याला आई जाळी चांगली पडली म्हणाली. ह्यांनी नको नको म्हणत सगळं खाल्लं.

दुपार कलली तेव्हा मागच्या दारानं वंदना आली. पदरात मोगऱ्याचे गजरे होते. एक आईला दिला, एक माझ्या केसात माळला आणि माळता माळताच विचारलं.

"ताई, तुमच्याच गाडीनं आले ना थे?"

मी हो म्हटलं.

"कसे होते?"

तिचे हात माझ्या केसात होते, चेहरा दिसत नव्हता. तिनं घरी बॅग भरून ठेवली होती, हे आईनं जेवताना सांगितलं होतं. मी गप्प राहिले असते तर ती संध्याकाळच्या गाडीनं निघाली असती. गप्प राहणंही बोलण्यासारखंच असतं हे तेव्हा कळलं. मी सगळं सांगितलं. वास, दोरी, ड्रायव्हर, ठाणं. मग जावईबापू म्हटल्यावर कसा सरळ बसला, पूर्ण तिकीट कसं घेतलं, नळाखाली कसा उभा राहिला, भीतीनं घेतली असं म्हणाला तेही. चांगलं ते वाईटाइतकंच सांगायचं असं मी ठरवलं होतं.

वंदनानं पिन लावली.

"जावई म्हनून तो चांगलाच हाय, ताई," ती म्हणाली. "पहिल्यापासून. जेवाले बी किती निमूट बसला आज. पन म्या त्याले रोज जावई कशी म्हनू?"

आईनं चहा टाकला. वंदनानं अर्धा कप घेतला आणि उरलेले गजरे पदरात घेऊन घरी गेली.

संध्याकाळच्या गाडीला कोणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्टँडवर आलो तेव्हा तो तिथे होता. एकटा. अंगावर अण्णांनी दिलेले नवे कपडे, हातात वाणाचा स्टीलचा डबा. अण्णांनी जेवण, आहेर, वाण, सगळं रीतीनं केलं होतं, मुलगी तेवढी दिली नव्हती. तो शुद्धीत होता. पुढच्या बाकावर बसला, अकोला म्हणाला, पूर्ण तिकीट स्वतःहून मागितलं. कंडक्टर दुसरे होते, त्यांना यात विशेष काही दिसलं नाही. आमच्याकडे त्यानं एकदाच पाहिलं. मी वंदनाला सांगितलं हे त्याला कळलं होतं. हे उठून त्याच्याशेजारी जाऊन बसले. अकोल्यापर्यंत हे तिथून उठले नाहीत.

घरी आल्यावर शेजारणी विचारतात, कसा झाला प्रवास. मी तिकिटाचा किस्सा सांगते. सगळ्या हसतात, आग्रहाची नक्कल करतात. एकीनं तर विचारलं, घरच्या माणसावर चालते का ही युक्ती. तिचा नवरा कसा आहे हे मला माहीत आहे, त्यामुळे ती हसत विचारत होती तरी मी हसले नाही.

तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते. मावशीचं पाणी, बाईंचा आग्रह, माझं जावईबापू, सगळं मिळून अकोल्यापासून तेल्हाऱ्यापर्यंत टिकलं. चाळीस माणसं होती आणि प्रत्येकाला आपापल्या स्टॉपवर उतरायचं होतं, म्हणून जमलं.

वंदना सध्या अण्णांसोबत पहाटे फुलं तोडायला जाते, असं आई सांगते. अण्णा अजून वकिलाकडे गेलेले नाहीत. तिनं बॅग मात्र रिकामी करून कपाट लावलं आहे.