कॅथेड्रलवरचे कावळे आणि सासूबाई

जूनमधल्या एका मंगळवारी, अकराच्या सुमारास, माझा नवरा ऑफिसात वारला. त्याच्या झिंडेलफिंगेनच्या कारखान्यातून फोन आला तेव्हा मी स्टुटगार्टला घरी होते.

ते घर मला एकटीला परवडणारं नव्हतं. हॅनोव्हरच्या एका मैत्रिणीने सुचवलं, "हिल्डेसहाइमला बघ. माझ्यापासून अर्ध्या तासावर. घरं स्वस्त, गाव जुनं, आणि कुणी काही विचारत नाही." तिसरं कारण मला सगळ्यात पटलं. ऑक्टोबरात मी कॅथेड्रलच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांमध्ये राहायला आले. चाळीस खोकी आली, त्यातली एकतीस पुस्तकांची. तळमजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाईंनी ती मोजली आणि जमिनीला किती भार पेलेल याची काळजी केली. बाकी त्यांनी खरंच काही विचारलं नाही.

मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी मदतपुस्तिका लिहिते, म्हणजे सहसा कुणीही न वाचणारी पुस्तकं. ती कुठूनही लिहिता येतात. अडचण एकच होती. पुण्याची मीटिंग माझ्या दुपारी बाराला असायची आणि बाराला कॅथेड्रलच्या घंटा सुरू व्हायच्या. खिडकी लावली तरी भिंतीतून ऐकू यायच्या. पहिल्या आठवड्यात सगळे गोंधळले. दुसऱ्या आठवड्यापासून टीममधला एकजण शांतपणे म्हणायला लागला, "मॅडम, तुमची आरती होऊ दे. आम्ही थांबतो." दिवाळीत त्याने विचारलं, "प्रसाद कुरियरने येतो का?" मी हसले. चार महिन्यांत पहिल्यांदाच हसले असेन, आणि तेही म्यूटवर.

मे महिन्यात सासूबाई आल्या. विमानतळावर लाडवांचा डबा हातात देण्याआधीच म्हणाल्या, "मी तुला न्यायला आलेय. तुझी खोली रंगवून घेतलीय. पिस्ता रंग."

मी "बघू" म्हणाले.

ही माझी जुनी खोड. मला नाही म्हणता येत नाही. लग्न ठरताना, नोकरी सोडताना, जर्मनीला येताना, सगळीकडे मी बघू म्हणत आले आणि लोकांनी तो होकार धरला. या वेळी मात्र मला राहायचं होतं. या दोन खोल्या मी स्वतः शोधल्या होत्या. इथे मी हळूहळू पुन्हा वाचायला लागले होते, दिवसाला चार-पाच पानं. पण हे सासूबाईंना सांगायचं कसं? मुलगा गमावलेल्या एका बाईला 'मला तुमच्या घरी यायचं नाही' असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

सासूबाई मात्र इथे मजेत रुळल्या. बेकरीतल्या बाईच्या कुठल्याही प्रश्नाला त्या ठामपणे "गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणायच्या आणि रोज निराळा पाव घेऊन यायच्या. कॅथेड्रलच्या मागच्या भिंतीवर चढलेला गुलाब मी त्यांना दाखवला. तो हजार वर्षांचा आहे असं इथले लोक मानतात. युद्धात जळला आणि पुन्हा फुटला. सासूबाईंनी चष्मा चढवून तो खालपासून वरपर्यंत पाहिला. "हजार वर्षांत एकदा तरी कुणी नीट छाटणी करायची की नाही?"

मग तिथी जवळ आली. वर्षश्राद्ध पुण्यात धाकटे दीर करणार होते. पण सासूबाईंना इथेही पान ठेवायचं होतं.

"तो गेला या देशात. पुण्याच्या कावळ्याला काय ठाऊक?"

"आई, इथे आपल्यासारखे कावळे नाहीत."

"मग ते काय आहेत?" त्यांनी कॅथेड्रलच्या छपराकडे बोट दाखवलं.

"ते डोले. कावळ्यांच्या जातीतलेच, पण लहान."

"मान राखाडी आहे ना? मग आपलाच. परदेशात येऊन बारीक झाला असेल." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "हे बघ, कावळा शिवला तर त्याला तुझं इथं राहणं मान्य आहे असं मी समजेन. नाही शिवला, तर तू माझ्याबरोबर यायचं. चालेल?"

मी बघू म्हणाले.

त्या दिवशी मी रजा घेतली. सासूबाईंनी पहाटेपासून खपून वरण-भात, खीर, वडे, भेंडीची भाजी असा सगळा स्वयंपाक केला. पान बाराच्या ठोक्याला ठेवायचं असा त्यांचा आग्रह होता. मी आठ महिने त्या घंटांखाली मीटिंगा केल्या होत्या, तरी मला वेळेवर आठवलं नाही. ताट खिडकीच्या कट्ट्यावर टेकलं, वर घंटा घणघणल्या आणि छपरावरचे झाडून सगळे डोले उडून दिसेनासे झाले.

"त्या घंटावाल्यांना सांगून ये," सासूबाई ओरडल्या, "आज जरा नको म्हणावं!"

घंटा थांबल्या तेव्हा आली ती कबुतरं. सासूबाई पंचा घेऊन खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकल्या. पहिला फटका हुकला. दुसऱ्याने एक वडा उडाला आणि खाली घरमालकीणबाईंच्या कुंडीत पडला.

दोन मिनिटांत बाई दारात. हातात वडा, रुमालात धरलेला.

"कबुतरांना खायला घालायला मनाई आहे," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. मी ते मराठीत सांगितलं.

"हिला म्हणावं, मी हाकलतेय त्यांना! हिच्यापेक्षा मला जास्त नकोयत ती." सासूबाईंनी पंचा पुरावा म्हणून दाखवला.

मी बाईंना समजावलं. आज वर्ष झालं. आमच्यात जेवण वाढून ठेवतात. पक्ष्याने चोच लावली, म्हणजे गेलेल्या माणसाला पोचलं.

बाईंनी वडा रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. मग म्हणाल्या, "असं होय. त्यांना काय आवडायचं?"

"वडे, खीर," मी भाषांतर केल्याबरोबर सासूबाई म्हणाल्या. "लहानपणापासून."

त्या उत्तराचं जर्मन करायचं सोडून मी खरं ते बोलून गेले. म्हणाले, बटर लावलेला ब्रेत्सेल.

"ब्रेत्सेल!" बाईंचा चेहरा उजळला आणि त्या जिना उतरून गेल्या.

"काय सांगितलंस तिला?"

मग सांगावंच लागलं. ब्रेत्सेल म्हणजे इथला गाठ मारलेला, वर मीठ भुरभुरलेला पाव. रोज सकाळी एस-बान, म्हणजे इथली लोकल, पकडण्याआधी तो फलाटावरच्या टपरीतून एक ब्रेत्सेल घ्यायचा. गाडीत उभ्या उभ्या खायचा आणि कोटावर मीठ सांडायचा. आठ वर्षं.

"मला फोनवर रोज सांगायचा पोहे खाल्ले म्हणून."

"पोहेही खायचा. चार वाजता, डब्यातले."

सासूबाई खुर्चीवर बसल्या. मला वाटलं, रडतील. त्या म्हणाल्या, "तरीच वजन वाढलं होतं."

घरमालकीणबाई वर आल्या. ब्रेत्सेल कालचा होता आणि त्याबद्दल त्यांनी दोनदा क्षमा मागितली. सासूबाईंनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला, वास घेतला आणि स्वतःच्या हाताने खिरीच्या वाटीशेजारी ठेवला. आम्ही तिघी पडद्यामागे उभ्या राहिलो. बाईंनी तर श्वास रोखून धरला होता.

पंधरा-वीस मिनिटांनी एक डोले आला. कट्ट्यावर चालला. भाताकडे ढुंकून पाहिलं नाही, खिरीत एक पाय घातला, ब्रेत्सेल उचलला आणि जड विमानासारखा हेलकावत पलीकडच्या छपरावर जाऊन बसला.

"या, या!" जर्मनमध्ये 'हो, हो' म्हणत घरमालकीणबाईंनी टाळी वाजवली.

"शिवला," मी म्हणाले.

"शिवला कुठे? पळवला."

"आई, चोच लावल्याशिवाय पळवेल कसा?"

"पण पान राहिलंच की. आणि नेलं तेही काय, तर ताटातलं मी न केलेलं तेवढंच." त्या वाद घालत होत्या, पण आवाजात जोर नव्हता. बाई एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होत्या. भाषांतर करायचं मला सुचेना. मग बाईंनी खिशातून रुमालातला वडा काढला, सावकाश तोडून तोंडात टाकला, आणखी एक मिळेल का असं खुणेने विचारलं आणि दोन घेऊन खाली गेल्या.

सासूबाई खिडकीपाशीच उभ्या होत्या. छपरावरचा पक्षी ब्रेत्सेलशी झटत होता.

"त्याचं इथे बरं चाललं होतं, नाही का गं?"

"हो, आई. बरं चाललं होतं."

"मला वाटायचं, कसंबसं राहतोय. डब्यावर." त्यांनी पंचाची घडी घातली, मोडली, परत घातली. "कावळ्याचं राहू दे. तू सांग. तुला यायचंय का?"

हे मला वर्षभरात कुणी विचारलं नव्हतं. बघू हा शब्द ओठांपर्यंत आला होता.

"नाही," मी म्हणाले. "मला इथे राहायचंय."

त्या रागावल्या नाहीत, आनंदल्याही नाहीत. "मग जेवून घे," म्हणाल्या. "वडे गार होतायत."

ऑगस्टमध्ये सासूबाई पुण्याला परत गेल्या. आम्ही रविवारी फोनवर बोलतो. मी हिल्डेसहाइमला राहते. एकटी राहते.