रुमाल टाकून गेलेला माणूस

शुद्धलेखन माझं चौथीतच राहिलं आणि अक्षर कोंबडीच्या पायांचं, तेवढं चालवून घ्यावं. पण पुसेगावच्या स्टँडवरचा तो माणूस लिहून ठेवायचाच आहे.

काखेत पेपर धरून तो सगळ्यांना बातमी समजावत होता. शास्त्रज्ञांनी म्हणे प्रकाशाच्या एका कणाची सगळी माहिती दूरच्या दुसऱ्या कणात उतरवली. "इथली पुसल्याबिगर तिथं उमटत न्हाई," तो बोट नाचवत म्हणाला. "एकदम दोन्हीकडं ऱ्हाताच येत न्हाई!"

माझ्या सासूबाईंचा पाय सुजलेला. दवाखान्यात निघालो होतो, आणि हिंगोलीपर्यंत उभं राहणं त्यांना जमणार नव्हतं. गाडी येताच त्यानं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि पानटपरी गाठली. बाकी गाडी भरली. सासूबाई रुमालाच्या जागेवर बसल्या.

तो पान चघळत आला. "मावशी, उठा. तिथं मी हाय."

"तुमी इथं व्हय? मंग टपरीवर कोन पान खाऊन राहिलं होतं?"

सगळी गाडी हसली. मी लाजाळू, पदरात तोंड लपवून हसले. कणांचं एवढं जाणणाऱ्याला समोरचा सुजलेला पाय दिसला नव्हता.

हिंगोलीपर्यंत तो दांडी धरून उभा होता. पेपर त्यानं पुन्हा उघडला नाही.