झोपलेल्यांना उठवणारा सुकलाल

दापोऱ्याहून बुरहानपूरच्या मंडीत केळी नेणारे पिकअपवाले पुष्कळ आहेत, पण सुकलालइतका वैताग आणणारा दुसरा नाही. रस्त्याकडेला कुणी आडवा दिसला की याची गाडी थांबलीच. हा उतरणार, त्याचा खांदा हलवणार आणि विचारणार, "भाऊ, बरा आहे ना?" पहाटेपासून घड कापून दमलेला, नुकता कुठे डोळा लागलेला माणूस दुसरं काय करणार? शिव्या घालतो. सुकलाल त्या नीट ऐकून घेतो, मान डोलावतो आणि पुन्हा गाडीत जाऊन बसतो. गावातली पोरं त्याला 'अलार्म' म्हणतात. म्हणोत बापडी, त्यांना काय ठाऊक!

काही वर्षांपूर्वी हा असा नव्हता. उलट कुणाची झोपमोड होऊ नये म्हणून जपणारा माणूस होता, आणि तेच त्याला भोवलं.

केळी कापणारा ओळखायचा तो कपड्यांवरून. घडाचा दांडा तोडला की पाण्यासारखा चीक गळतो आणि वाळला की सदऱ्यावर काळपट तपकिरी डाग पडतो. हा डाग साबणाच्या बापाला जात नाही. दुपारी काम आटोपलं की ही माणसं तसल्याच सदऱ्यात, मिळेल त्या सावलीला, तोंडावर रुमाल टाकून लवंडतात. आमच्या रस्त्यावर असं कुणी दिसलं तर कुणी वळून बघत नाही.

फाल्गुनातल्या एका दुपारी सुकलाल भरलेली गाडी घेऊन निघाला होता. कडुलिंबाखाली एकजण पडलेला दिसला. डागाळलेला सदरा, तोंडावर रुमाल. सुकलालच्या गाडीचा सायलेन्सर तेव्हा फुटका होता, नुसत्या आवाजावरून गाव ती गाडी ओळखायचं. 'दमला असेल बिचारा' असं म्हणत त्यानं हॉर्नवरचा हात काढला, वेग कमी केला आणि हळूच पुढे निघून गेला.

लिलाव उरकून तो परतला तेव्हा माणूस तिथेच होता. झाडाची सावली मात्र सरकली होती आणि तो भर उन्हात पडला होता. एवढ्या उन्हात कुणी झोपत नाही. सुकलालनं गाडी थांबवली. उतरून पाहतो तर रस्त्याखालच्या गवतात वाकडीतिकडी झालेली सायकल. उन्हासाठी तोंडाला गुंडाळलेला रुमाल त्यानं बाजूला केला. कडू होता.

कडू म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा सोबती. आधीची दोन लेकरं गेली म्हणून आईनं मुद्दाम हे नाव ठेवलेलं, मरणानं तोंडात घेतलं तरी थुंकून टाकावं म्हणून. सदऱ्यावर जुना चीक होताच, पण बाकी सगळं रक्त होतं. कुठलीशी गाडी त्याला उडवून निघून गेली होती.

सुकलालनं त्याला उचलून गाडीत केळीच्या पानांवर निजवलं. तेव्हा कडूचे ओठ हलले.

"सुक्या, मघाशी तुझी गाडी वळखली मी. मले वाटलं, तू थांबला."

"तू शुद्धीत होता?"

"सगळं ऐकू येत होतं रे. हातच उचलत नव्हता."

 दिवेलागणीला दवाखान्यात त्यानं जीव सोडला. "थोडं आधी आणलं असतं तर," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा कडूची बायको मनकर्णा भिंतीला टेकून उभी होती. आणि गावानं काय करावं? सुकलालची पाठ थोपटली. तू होता म्हणून दवाखाना तरी दिसला, म्हणाले. त्या शाबासकीनं त्याच्या अंगाची लाहीलाही झाली.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. वर्षात गेलेल्या माणसाच्या नावानं आमच्याकडे त्या दिवशी घागर भरतात आणि त्याच्या जागी कुणाला तरी पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालतात. मनकर्णा स्वतः सुकलालच्या दारात आली. "भाऊ, तुम्हीच बसा. शेवटी तुमच्याच हातात होता तो."

नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. पण आज हिला सगळं सांगायचं, मग ती ताटावरून उठवून हाकलून देईना का, असं ठरवूनच तो गेला. पुरणपोळी वाढली, आमरस वाढला. सुकलालनं हात जोडले. "वहिनी, मले काही सांगायचं आहे."

"थांबा. आधी मले बोलू द्या. तुमच्याशी नाही, त्याच्याशी."

ती समोर बसली. पदर डोळ्यांपर्यंत ओढला.

"त्या दुपारी मी पण त्याच रस्त्यानं आली. आम्ही बाया निंदणीहून रिक्षात येत होतो. उषा बोलली, पाह्य वं, कोणाचा नवरा झोपला तिकडे. मी बोलली, बायको घरात झोपू देत नसंन. सगळ्या हासल्या. सगळ्यात मोठ्यानं मी हासली."

मग तिनं मान वर केली. आता ती कडूशी नाही, सुकलालशी बोलत होती.

"भाऊ, खरं सांगा. त्याले ऐकू आलं असंन का? माझा आवाज वळखला असंन का त्यानं?"

सुकलालच्या तोंडाशी आलेलं सगळं तिथेच अडलं. आपली गाडी कडूनं ओळखली होती हे सांगायचं, तर हिचं हसणंही त्यानं ऐकलं हे सांगण्यासारखंच होतं.

"नाही वहिनी," तो म्हणाला. "त्याले काहीच कळत नव्हतं. मी उचलला तेव्हा पण बोलला नाही. झोपेतच होता तो."

"खरंच?"

सुकलालनं कडूच्या नावाच्या घागरीवर हात ठेवला. "खरंच."

मनकर्णा पदरात तोंड घालून खूप रडली. मग उठली आणि त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली, वर तूप घातलं. पितर उपाशी उठू नये म्हणून त्यानं ती सगळी संपवली. आपलं पाप सांगायची जागा आता त्याला कुठेच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मंडीच्या वाटेवर त्यानं पहिल्यांदा गाडी थांबवून एका झोपलेल्याला हलवलं. तो माणूस दचकून उठला आणि त्यानं आईवरून सणसणीत शिवी हासडली. सुकलाल त्याच्यापुढे उभ्याउभ्या ढसाढसा रडला.