भाऊजींना बोलतं करायला: नागपूर ते जळगाव जामोद

सातपुडा पाहायचा म्हटलं की लोक चिखलदऱ्याला जातात. मी जळगाव जामोदच्या अंगानं त्याच्या पायथ्याशी जाऊन आलो. हौसेनं नव्हे. माझ्या थोरल्या बहिणीचं, राहेलताईचं, पत्र आलं होतं: "तुझ्या भाऊजींना येत्या रविवारी मंडळीबाहेर काढणार. हे तोंड उघडत नाहीत. तू वाद घालण्यात पटाईत, तर एकदा कामाला येऊ दे तुझं तोंड."

शांतवनभाऊजी तिकडच्या एका खेड्यात उपदेशक आहेत. तिथली ख्रिस्ती मंडळी म्हणजे पंधरा-सोळा घरं. मिशननं दिलेलं औषधांचं कपाट त्यांच्याकडे, आणि किल्ली एकच, तीही त्यांच्या कमरेला. यंदा आश्विनात तापाची साथ आली, कपाट उघडलं, तर कोयनेलच्या, म्हणजे तापावरच्या क्विनाइनच्या, गोळ्या निम्म्याहून कमी. कुलूप शाबूत. त्या तापात गावातली तीन पोरं गेली. भाऊजींनी गोळ्या बाहेर विकल्या असं लोकांचं म्हणणं. भाऊजी एकदाच म्हणाले, "मी घेतल्या नाहीत." मंडळी म्हणाली, शास्त्रावर, म्हणजे बायबलवर, हात ठेवून शपथ घ्या, विषय मिटला. त्यावर ते म्हणाले, शपथ वाहूच नका अशी प्रभूची आज्ञा आहे. त्यानंतर गप्प.

छापखान्यात मुद्रितं तपासणारा मी माणूस. कुठं काय चुकलंय ते मला एका नजरेत दिसतं अशी माझी समजूत होती. गुरुवारी रजा टाकून निघालो.

आता वाचकांच्या उपयोगाचं. जळगाव जामोदला जायचं असेल तर नांदुऱ्याला उतरा. मी शेगावला उतरलो, कारण सगळा डबाच तिथं उतरला आणि गर्दीबरोबर उतरायची माझी जुनी खोड. स्टेशनबाहेर एका आजीबाईंनी विचारलं, "दर्शनाले आले काय?" म्हटलं, "नाही आजी, मी ख्रिस्ती." "मंग काय झालं? जेवून तं घ्या, पंगत बसून राह्यली." जेवलो. ज्वारीची भाकर, पिठलं, आणि असा झणझणीत ठेचा की डोळ्यांतलं पाणी पुसत मी मोटारीत जाऊन बसलो. शेगावहून मोटार सुटते, पण माणसांनी गच्च भरल्याशिवाय हलत नाही. बसायला जागा मिळाली तर पुढं बसा, मागं धुळीचा अभिषेक होतो. पूर्णेला हिवाळ्यात पाणी गुडघ्याखाली असतं, पण रेतीत चाकं रुततात, म्हणून उतारूंना खाली उतरून पलीकडे चालत जावं लागतं. वहाणा हातात घेतलेला मी आणि डोक्यावर गाठोडं घेतलेला एक कापसाचा व्यापारी, दोघांनी मिळून मोटारीला शेवटचा धक्का दिला.

जळगाव टुमदार आहे. पानमळे आहेत, बाजार भरगच्च आहे, आणि उत्तरेला डोंगर इतका जवळ दिसतो की जेवून फिरायला जाऊन यावं. पुढं गावापर्यंत दमणी करावी लागते. भाडं आधी ठरवा. माझा गाडीवान रहीमभाई. मी कोणाकडे निघालोय हे कळल्यावर त्याचे बैल हळू झाले आणि तोंड जोरात सुटलं.

"मास्तर माणूस चांगला हाय हो. पन मले एक सांगा, कसम खायाले जाते काय? हिंदू माणूस बेल-भंडार उचलते. आमी अल्लाची कसम खातो. तुमच्याइथं हात ठेवाले सांगतलं तं नाई म्हन्ते! सच्चा माणूस कसमले भ्येत नाई ना."

"आमच्या शास्त्रात मनाई आहे," मी म्हणालो.

"मंग तुमच्यात चोर सापडते कसा?"

 मी डोंगराकडे बोट करून गाव अजून किती लांब ते विचारलं.

ताईनं दारातच पाणी दिलं आणि डोळ्यांनी आत खूण केली. भाऊजी ओसरीवर अंबाडीचा दोर वळत बसले होते. "आला का यशवंता? गाडीत त्रास झाला अशीन," एवढं म्हणून पुन्हा दोर. मी हातपाय धुतले, भरीत-भाकर खाल्ली आणि कामाला लागलो. नागपूरपासून जमवलेले सगळे मुद्दे मांडले. कोर्टात साक्षीला गेलं तर हात ठेवतातच ना? लहानशा गोष्टीसाठी घर, काम, बायकोची अब्रू पणाला लावायची?

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "यशवंता, वीस वर्षं मी या लोकायले वचन सांगून राह्यलो. कधी शपथ घेऊन सांगतलं नाही. आज शपथेवर बोललो तं तेच खरं होईन, अन् वीस वर्षांचं बोलणं काय होतं मग?"

"पण लोक बाहेर काढतील ना तुम्हाला!"

"मी एकदा नाही म्हणलो. त्याच्यापेक्षा मोठं 'नाही' माह्याजवळ नाही."

खरं सांगतो, त्या क्षणी मला ते संत वाटले. आणि पुढच्याच क्षणी वाटलं, अस्सल चोरानंही याहून चांगलं उत्तर दिलं नसतं. लहानपणी रविवारच्या शाळेत निर्दोष प्रभूला लोकांनी कसं धिक्कारलं, न्यायाधीशापुढे तो कसा गप्प उभा राहिला, हे ऐकून आम्ही मुलं रडायचो. त्या गर्दीत आपण असतो तर 'याला वधस्तंभी द्या' असं ओरडलो नसतो, अशी प्रत्येकाची खात्री. पण त्या गोष्टीत निर्दोष कोण ते आधीच ठाऊक असतं. इथं मला कोण सांगणार?

शनिवारी सकाळी मी दानियलबाबांकडे गेलो. ते मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणारे, आणि भाऊजींना काढा म्हणणाऱ्यांत पहिले. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. म्हाताऱ्यानं खाटेवर घोंगडी अंथरली, चहा ठेवायला सांगितला.

"मले त्याले काढाची हौस नाही," ते म्हणाले. "माह्या पोरीचं लगन त्यानंच लावलं. तिची पोट्टी तापात गेली, चार वर्षांची. मी तिले कडेवर घेऊन त्याच्या दारात गेलो तं म्हणे, गोळ्या सरल्या. आता तुमीच सांगा, मी काय करू? त्यानं शास्त्रावर हात ठेवला तं मी लगेच मानीन. पण थो हातच नाही ठेवत!"

"प्रभूसुद्धा गप्प राहिला होता, बाबा."

"हाव. पण प्रभूच्या कपाटातून पोट्ट्यायची दवाई नव्हती गेली."

चहा गुळाचा होता. मी तो पिऊन परत आलो.

ताई विहिरीवर होती. मी पोहरा ओढून दिला. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुले वाटते मी त्यायच्यासाठी बोलावलं तुले? मले कळलं पायजे, यशवंता. मी त्यायले म्हणलं, मंडळीसमोर शपथ नका घेऊ, घरात घ्या, माह्यासमोर. मले तरी कळू द्या मी कोणाच्या ताटातलं खाऊन राह्यली. तरी नाही घेतली." तिनं घागर उचलली. "नवरा चोर निघाला तं मी राहीन. निर्दोष निघाला तरी राहीन. पण असं मधात नाही राहावल्या जात."

तोवर मला वाटत होतं की हा सगळा मंडळीचा प्रश्न आहे. ताई घागर डोक्यावर घेऊन चढण चढू लागली, आणि मी तिच्या मागोमाग निघालो.

रविवारी उपासनेला देऊळ भरलं. देऊळ म्हणजे पत्र्याची लांब खोली, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया, वहाणा दाराबाहेर. गीत झालं, प्रार्थना झाली. दानियलबाबांनी एका तिवईवर शास्त्र ठेवलं. भाऊजी उठून उभे राहिले, पुन्हा तेच म्हणाले, "मी घेतल्या नाहीत," आणि हात मागं बांधून घेतले.

खोलीत चुळबूळ सुरू झाली. तेव्हा दानियलबाबांनी मार्ग काढला, आणि तो फक्त तिथल्याच माणसाला सुचावा असा होता. जुन्या जातपंचायतीत आरोपी बेल-भंडार उचलत नसला तर त्याच्या नात्यातला माणूस त्याच्या वतीनं उचलायचा, आणि ते धरलं जायचं. हे लोक ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या झाल्या, बेल गेला, भंडारा गेला, रीत राहिली होती. बाबा म्हणाले, "साळा हाजर हाय. त्यानं हात ठेवला तरी मंडळी मानीन. काय हो, मंजूर?" चारी बाजूंनी "हाव, हाव" आलं. त्या आवाजात केवढी सुटका होती! कोणालाच त्यांना काढायचं नव्हतं. त्यांना फक्त कोणाचातरी हात हवा होता.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. भाऊजी मान हलवून नको म्हणत होते. ताई पदर तोंडाशी धरून बसली होती.

मला काय ठाऊक होतं? काहीही नाही. मी कपाट पाहिलं नव्हतं, गोळ्या मोजल्या नव्हत्या, आश्विनात मी नागपुरात अनुस्वार शोधत होतो. तरी मी उठलो. शास्त्रावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणालो, "देवासमोर सांगतो, शांतवन उपदेशकांनी गोळ्या घेतल्या नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे."

लोकांनी श्वास सोडला. कोणीतरी गीत सुरू केलं. दानियलबाबा डोळे पुसत भाऊजींना मिठी मारायला पुढं झाले.

भाऊजी दोन पावलं मागं सरकले. "बाबा, यानं काही पाह्यलं नाही," ते म्हणाले. "याले काहीच ठाऊक नाही. माह्यासाठी हा आत्ता तुमच्यासमोर देवाशी खोटं बोलला. या शपथेवर मी इथं बसू शकत नाही." राग नव्हता आवाजात. ते दाराशी गेले, वहाणा पायात घातल्या, आणि समोरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसले.

गीत मधेच थांबलं. बायांच्या बाजूला कोणीतरी हलकेच हुंदका दिला.  ताई उठली, माझ्याजवळून जाताना थांबली. मला वाटलं, माझ्या तोंडात मारते. पण तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी झोप झालेल्या माणसासारखा होता. "कळलं मले," एवढंच म्हणाली आणि बाहेर जाऊन त्यांच्याशेजारी बसली.

तिला काय कळलं, ते मी परतीच्या वाटेवर रहीमभाईला विचारलं, पूर्णेच्या रेतीत स्वतःला विचारलं. चोर असता तर मिळालेली सुटका पदरात घेऊन गप्प बसला असता, असं तिनं ताडलं असावं. बरोबर असेल. पण मुरलेला चोर हेही करू शकतो, असं माझं वाद घालणारं डोकं लगेच म्हणतं, आणि मग मला माझ्याच डोक्याची किळस येते. गोळ्या कोणी नेल्या, मिशनकडूनच कमी आल्या, की उंदरांनी खाल्ल्या, ते आजही कोणाला माहीत नाही. जळगावहून आलेले एक ओळखीचे सांगत होते की मंडळीनं भाऊजींना काढलेलं नाही, आणि ते आतही जात नाहीत. दर रविवारी नवराबायको कडुनिंबाखाली बसून उपासना ऐकतात, आणि दानियलबाबा आतून जरा मोठ्यानं वाचतात.

तुम्ही तिकडे जाणार असाल तर पौषात जा. हवा छान असते, वांगी कोवळी असतात, डोंगर स्वच्छ दिसतो. पांघरूण मात्र न्या.

नागपूरला आल्यावर पहिल्या प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, रविवारी प्याला माझ्यापर्यंत आला आणि माझा हात उचलला गेला नाही. उपासना संपल्यावर मी आमच्या मंडळीच्या पाळकांना आणि वडिलांना गाठून सगळं सांगितलं. शास्त्रावर हात ठेवून देवाच्या नावानं खोटं बोललो, असं स्पष्ट म्हणालो. मंडळीच्या नियमात यासाठी जी शिक्षा असेल ती करा म्हणालो. पाळकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. एक वडील म्हणाले, "अहो, मेव्हण्याची अब्रू वाचवलीत तुम्ही, मोठं मन लागतं त्याला." दुसऱ्यांनी पुढच्या महिन्यात रविवारच्या शाळेतल्या मुलांना प्रवासाची हकिगत सांगाल का, असं विचारलं. मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा हसले. तीन रविवार झाले, मी दारापाशी शेवटच्या बाकावर जाऊन बसतो, आणि कोणी ना कोणी येऊन मला हाताला धरून पुढं नेऊन बसवतं.