टायटल क्लिअर

फळ्यावर एक शब्द लिहायचा, खडू टेबलावर ठेवायचा आणि वर्गाला विचारायचं, "बोला, कुठं ऐकलात हा?" मॅडमची रीत ही. अर्थ आधी त्या कधीच सांगत नसत.

शहराच्या गारखेडा भागातल्या एका क्लासमध्ये त्या इंग्रजी शिकवायच्या, शेजारच्या खोलीत मी गणित. मधली भिंत पातळ. तुम्हालाही असं कुणी भेटलं असेल, ज्याचा आवाज आधी ओळखीचा होतो आणि माणूस नंतर.

सलग दुष्काळाची वर्षं होती. त्या दिवशी फळ्यावर शब्द होता 'क्लिअर'.

"परीक्षा क्लिअर झाली," एक मुलगी म्हणाली.

"टँकरचं पाणी क्लिअर नसतंय." सगळे हसले.

मागून कुणी म्हणालं, "आभाळ लई क्लिअर हाय, मॅडम." मग कुणी हसलं नाही.

मॅडमचं माहेर करमाडजवळ. शहर जालना रोडनं तिकडं सरकत गेलं, पडीक पडलेल्या जमिनीला गिऱ्हाईक आलं. एका दुपारी त्यांचा धाकटा भाऊ क्लासवर आला. मी तिथंच बसलो होतो, उठू लागलो तर मॅडम म्हणाल्या, "बसा सर."

"ताई, वडलांच्या मागं सातबाऱ्यावर तुझं बी नाव लागलंय," तो म्हणाला. "तू हक्क सोडलास की टायटल क्लिअर."

"माझ्या नावानं काय घाण झालीय का रे?"

"तसं नाय गं. गिऱ्हाईक म्हणतंय."

"अन् तू?"

त्यानं हक्कसोडीचा कागद काढून पुढं सरकवला. मॅडमनी सही केली. "भाऊबीजेला येत जा मात्र," एवढंच म्हणाल्या.

"म्हंजे काय, ताई!"

तो गेल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "सर, एक अर्थ वर्गात राहूनच गेला. रस्ता क्लिअर करायचा म्हंजे मधे आलेलं उचलून बाजूला टाकायचं."

त्या भाऊबीजेला भाऊ आला नाही. पुढच्याही नाही. पुढं मॅडम मुलाकडं पुण्याला कायमच्या गेल्या. जाण्याआधीच्या त्यांच्या इथल्या शेवटच्या दिवाळीत मी भाऊबीजेला संध्याकाळी फराळाचा डबा परत द्यायला त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं, घरात कुणी नव्हतं. गच्चीवर गेलो.

मॅडम पश्चिमेकडं तोंड करून उभ्या होत्या. भाऊ नसलेल्या बायका या दिवशी चंद्राला ओवाळतात. बारीक कोर होती. वाऱ्यानं निरांजन विझू नये म्हणून एका हाताचा आडोसा धरून त्या ताट हळूहळू फिरवत होत्या.

मी डबा पायरीवर ठेवला आणि आवाज न करता खाली उतरलो.