पाखरं उडवणारा आवाज

जुन्नरच्या आमच्या प्रार्थनाघरात सुरात गाणारा माणूस एकच होता, आणि तो मी होतो. हे माझं मत. बायकोचं मत वेगळं होतं, पण रविवारचा मान राखून ती ते सोमवारी सांगत असे.

मिशनने मला तिथं शाळामास्तर आणि उपदेशक म्हणून नेमलं तेव्हा मी जेमतेम पंचविशीचा होतो. जन्म आंबेगावाकडच्या भातखाचरांतला, शिक्षण पुण्याचं. पुण्याहून येताना दोन वस्तू बरोबर आणल्या: एक बाजाची पेटी, आणि जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आपल्यापाशी आहे ही खात्री. पेटीचा भाता फाटका होता. खात्री मात्र धडधाकट होती.

मंडळी विसाच्या आत-बाहेर. त्यांत पिंपळवंडीच्या शिवारातला एक म्हातारा शेतकरी होता. शनिवारी दुपारी घर सोडायचा, पाच-सहा कोस चालून सांजेला पोचायचा, प्रार्थनाघराच्या ओसरीवर पटका उशाला घेऊन झोपायचा, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी पुढच्या सतरंजीवर येऊन बसायचा. बायको मागेच वारलेली, मूलबाळ नाही. बाप्तिस्मा घेऊन दोन वर्षं झाली होती. घेतला त्याच आठवड्यात धाकट्या भावानं वडिलोपार्जित विहिरीवरचं त्याचं पाणी बंद केलं. म्हातारा तेव्हापासून लांबच्या ओढ्यावरून घागर आणत होता. ही गोष्ट मला दुसऱ्यांकडून कळली. तो स्वतः कधी बोलला नाही. तो फक्त गायचा.

आता गायचा म्हणजे काय ते सांगतो. जन्मभर त्यानं ज्वारीची राखण केलेली. आमच्या भाताच्या मुलखात ही रीत नव्हती, म्हणून मला नवल वाटे. शेताच्या मधोमध चार खांब रोवून त्यावर माळा बांधायचा आणि कणीस भरू लागलं की त्यावर उभं राहून गोफण फिरवायची, ओरडायचं, पाखरं हाकलायची. साठ वर्षं असं करून जो आवाज तयार होतो, तो म्हाताऱ्याचा आवाज. आमच्या प्रार्थनाघराच्या आढ्यात चिमण्यांनी घरटी केली होती. म्हाताऱ्यानं गीताची पहिली ओळ उचलली की सगळ्या चिमण्या खिडकीतून बाहेर, आणि आमेन झालं की परत आत.

मार्गशीर्षात मोठे साहेब, म्हणजे आमच्या मिशनचे वरिष्ठ पाद्री, आमचं काम पाहायला यायचे होते. मी महिनाभर मंडळींना एक नवं गीत शिकवत होतो. सुरुवात हलक्या आवाजात, मग हळूहळू चढत जायचं. म्हातारा सुरुवातीलाच शेवटाला पोचलेला असे. शेवटी आदल्या सांजेला मी त्याला ओसरीवर गाठलं.

"बाबा, उद्या तुम्ही मनातल्या मनात म्हणा."

"का वो मास्तर?"

खरं सांगायचं तर माझी पेटी बुडते, एवढंच सांगायचं होतं. पण उपदेशकाला खरं कारण सांगायची लाज वाटली की तो देवाला पुढं करतो. मी म्हणालो, "देव परिपूर्ण आहे, बाबा. त्याला कशाचीच उणीव नाही. आपण मोठ्यानं गायलो नाही म्हणून त्याचं काही अडत नाही."

म्हाताऱ्यानं यावर बराच विचार केला. मग अगदी भाबडेपणानं विचारलं, "त्याचं काय बी अडत न्हाई, तर त्यो भजन मागतो कशाला? आन माझं नको, तर मग तुमच्या पेटीचं तरी काय काम?"

"पुढच्या रविवारी सांगतो," मी म्हणालो. उत्तर येत नसलं की मी नेहमी पुढच्या रविवारी सांगत असे.

"सांगा. कळंस्तवर मी गप ऱ्हातो."

दुसऱ्या दिवशी गीत झकास झालं. चिमण्या आढ्यात गुपचूप बसून ऐकत होत्या. साहेबांनी पेटीची तारीफ केली. मी फुगलो. मग निघता निघता ते हळूच म्हणाले, "तो पुढे बसलेला म्हातारा मनुष्य मुका आहे काय? फार वाईट वाटले."

पुढच्या रविवारी मी उत्तर तयार ठेवलं. "बाबा, मामलेदार आले की आपण उठून मुजरा करतो की नाही? तसाच देवाचा मान."

"मामलेदाराला एकानं मुजरा न्हाई केला तर त्यो चार दिस फुगून बसतो, राव. देव बी तसलाच का?"

त्याच्या पुढच्या रविवारी मी बाप-लेकराचा दाखला दिला. म्हातारा म्हणाला, "लेकरानं समोर बसून 'बाबा, तुमी लई थोर' असं घोकलं, तर बापाला लाज वाटंल. म्हनंल, जा, ढोरांना पाणी दाव."

तिसरं उत्तर मी पुण्याच्या टिपणवहीतून काढलं. भजन देवासाठी नाही, आपल्याच भल्यासाठी आहे, औषधासारखं. हे मला स्वतःला फार आवडलं होतं. म्हाताऱ्यालाही आवडेलसं दिसलं, पण मग तो म्हणाला, "बेस. पर वैद्य म्हनतो, औषद घे. मला औषद दे म्हनून मागं लागत न्हाई. तुमी तर वाचून दावलं, देव भक्त हुडकीत फिरतो."

मी म्हणालो, पुढच्या रविवारी सांगतो.

पुढच्या रविवारी तो आला नाही. ओसरीही रिकामी, सतरंजीही. मी पेटी वाजवली, लोक गायले, आणि चिमण्यांनी पंखसुद्धा हलवला नाही.

सोमवारी बायकोनं भाकरी थापता थापता विचारलं, "आणखी किती दिवस पुढचा रविवार करणार आहात?"

"कामात असेल. ज्वारी भरायला आली."

"गेल्या दोन वर्षांत ज्वारी भरली नव्हती वाटतं! अहो, त्या माणसानं या देवापायी विहीर सोडली, भाऊ सोडला. आता तुम्ही त्याला सांगून बसलात की देवाला त्याचा आवाज नको आहे. मग त्यानं राहायचं कुणाकडं?" भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "जाऊन या. पेटी मात्र नेऊ नका."

नाताळ चार दिवसांवर होता. मी टिपणवही घेऊन निघालो.

म्हाताऱ्यानं मला पाहून तोंड वाकडं केलं नाही. "आवं पावणं! या, या," म्हणून हुरडा भाजून घातला, स्वतःचं घोंगडं मला दिलं. भजनाची गोष्ट त्यानं काढली नाही, मला काढायचा धीर झाला नाही. पहाटे त्यानं मला माळ्यावर चढवलं. समोर दिसेल तिथवर ज्वारी, पल्याडच्या बांधापाशी आणखी एक माळा. मी विचारलं, "तो कुणाचा?"

"भावाचा," तो म्हणाला, आणि गोफण माझ्या हातात दिली. मी ती मोठ्या ऐटीत फिरवली. दगड मागे गेला आणि म्हाताऱ्याच्या झोपडीवरचं मडकं फुटलं.

"ऱ्हाऊ द्या," तो खाली उतरत म्हणाला. "निस्तं बसा. तुमाला तोंड धुयाला पाणी घिऊन येतो."

एरवी तो ओढ्यावर उशिरानं जायचा. त्या दिवशी पाहुण्यासाठी लवकर गेला.

मी वही उघडली. उजाडत होतं. परिपूर्ण देवाला मनुष्याची उपासना का हवी, यावर चौथं उत्तर मी लिहू लागलो, आणि पलीकडच्या माळ्यावरून हाक आली. "हो ऽ ऽ हो!" मी समजलो, पाखरं हाकलतोय. थोड्या वेळानं पुन्हा आली, जरा लांबवलेली. मला वाटलं, या लोकांना सकाळी शांत बसून विचार करणं म्हणून ठाऊक नाही. तिसरी हाक आली ती निराळीच होती, मधेच फाटली. मी वैतागून कानांवर उपरणं घेतलं आणि पान उलटलं.

मग बराच वेळ काही नाही. मग ज्वारी हलू लागली. रान सरळ चिरत काहीतरी माझ्याकडं येत होतं. बिबट्या! वही माझ्या हातून खाली पडली. ज्वारीतून बाहेर आला तो बिबट्या नव्हता. म्हाताऱ्यासारख्याच नाकाचा, पन्नाशीचा माणूस होता, हातात कुऱ्हाड, पटका कुठंतरी पडलेला, एका पायातून रक्त. मान वर करून तो ओरडला, "दादा!"

वरून मी डोकावलो.

"तू कोन रं? दादा कुटं हाय? जित्ता हाय का?"

"ओढ्यावर गेलेत, पाणी आणायला," मी म्हणालो.

तो मटकन खाली बसला. बसल्या बसल्या पायातला बाभळीचा काटा उपटला. मग धाप आवरून मला म्हणाला, "मंग ओ द्यायला तुजी जीभ झडली व्हती व्हय? तीन हाका मारल्या! मला वाटलं, म्हातारा गेला. आरं, माळ्यावर मानूस असून ओ देत न्हाई? कुटल्या गावचा तू?"

मी गावाचं नाव सांगितलं नाही. गावाची अब्रू सांभाळली.

त्याच्या शेतावर तेवढ्यात पोपटांचा थवा उतरलेला मला वरून दिसत होता. त्यालाही कलकलाट ऐकू येत होता, पण तो उठला नाही. घागर खांद्यावर घेतलेला म्हातारा बांधावर दिसला तेव्हा उठला. दोघे भाऊ एकमेकांकडं पाहत उभे राहिले. म्हाताऱ्यानं घागर पुढं केली. धाकट्यानं मान हलवली, कुऱ्हाड उचलली, आणि लंगडत आल्या वाटेनं निघून गेला.

मी खाली उतरून सगळा गुन्हा कबूल केला. म्हातारा हसत सुटला. डोळे पुसून पुन्हा हसला. मग मोडलेल्या धाटांच्या त्या वाटेकडं बघत राहिला.

"दोन वर्सं झाली, माझ्या हातचं पाणी घेत न्हाई. पर रविवार सोडला तर सकाळची हाक एक दिस चुकवली न्हाई."

"ती हाक पाखरांसाठी नसते?"

"पाखरांला गोफन हाय की. तुमी फिरवल्याली नव्हं, खरी गोफन." तो खाली बसला. "हाक म्हंजी, मी हाय, तू हाईस का? आमचा बाप असताना तिन्ही माळ्यांवरनं चालायची. माझ्या ओ नं त्याच्या कनसात दाना वाढतो का, मास्तर? न्हाई दिली तर एक दाना कमी व्हतो का? त्याचं काय बी अडत न्हाई. तरी पीक पाखरांच्या तोंडी टाकून आला बगा." त्यानं मोडलेलं एक धाट उचलून बाजूला ठेवलं. मी खाली पडलेली वही उचलून मिटली. उपदेशक झाल्यापासून बहुधा पहिल्यांदाच. "देवाचं बी तसंच. पैली हाक त्यानंच मारली व्हती. मी आपली ओ देत व्हतो. तुमी म्हनला, वरडू नका."

शाळेत मी मुलांना दरवर्षी विचारत असे: आदाम बागेत लपला तेव्हा देवाने 'तू कोठे आहेस' म्हणून हाक मारली, देवाला तो कोठे आहे हे ठाऊक नव्हते काय? उत्तर, ठाऊक होते. पूर्ण गुण. मग हाक का मारली, हा प्रश्न मी कधी घातला नाही, कारण त्याचं उत्तर वहीत नव्हतं. पुण्याच्या पंडितांनी मला देवाचं परिपूर्णपण शिकवलं आणि मी त्याचा एक तुडुंब भरलेला रांजण करून ठेवला होता, झाकण घालून. ज्याचं काही अडत नाही त्याची माया सगळ्यांत निखळ असते, ती भीक मागत नाही, ती काटे तुडवत येते, हे एका अक्षरशत्रू म्हाताऱ्यानं ओल्या धोतरानं मातीत बसून मला दाखवलं. त्याच्याइतका चांगला गुरू मला आधी मिळाला नव्हता, नंतरही नाही.

"बाबा," मी म्हणालो, "माझी पेटी बुडत होती, म्हणून मी तुम्हाला गप केलं. देवाचं नाव उगाच घेतलं. नाताळाला या, आणि गा."

"सुरात न्हाई जमायचं."

"नको सुरात."

"तेच म्हनतो. ओ काय सुरात द्यावी लागती व्हय?"

नाताळाला तो आला. पहिल्या ओळीला चिमण्या उडाल्या, एक लहान मूल रडू लागलं, आणि माझी पेटी पार बुडाली. बायको माझ्याकडं पाहून हसली. रविवार नव्हता, म्हणून मत सांगायला ती सोमवारपर्यंत थांबली नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं तो येत राहिला. एका रविवारी मी गीत सुरू केलं आणि चिमण्या जागच्या हलल्या नाहीत. मी दुसरी ओळ वाजवली. मग पेटी तशीच उघडी टाकून उठलो. मंडळी बघत राहिली. पाच-सहा कोस मी कसा गेलो मला आठवत नाही, एवढं आठवतं की एक वहाण वाटेत तुटली.

म्हातारा झोपडीच्या दाराशी बसला होता. पाय मुरगळून भोपळ्यासारखा सुजलेला. शेजारी भरलेली घागर होती, आणि अंगणातून वाट ओली होत गेली होती, ती ओढ्याकडं नव्हती, भावानं बंद केलेल्या विहिरीकडं होती.

मला पाहून तो म्हणाला, "आलात व्हय! म्हनलं, आज येनार." मग माझ्या अनवाणी पायाकडं बघून गालात हसला. "आज चिमन्या कुनी उडवल्या?"

"कुणीच नाही," मी धापा टाकत म्हणालो. "सगळ्या आढ्यात बसून आहेत."

"मंग बसा वाईच," तो म्हणाला, आणि घागर माझ्याकडं सरकवली.